संवादखिडकी : संगणकाचा प्रश्न आणि आपला होकार

संगणकावर काम चालू असता पडद्यावर मध्येच एक लहानशी खिडकी उघडते आणि विचारते : 'नोंद पुसावयाची काय?' खाली दोन बटणे असतात. पुष्कळ जण मजकूर न वाचताच त्यांतील एक दाबून मोकळे होतात. इंग्रजीत हिला डायलॉग बॉक्स म्हणतात. आपण संवादखिडकी म्हणू. १९८३ सालच्या 'लिसा' आणि १९८४ सालच्या 'मॅकिंटॉश' या ॲपल कंपनीच्या संगणकांवर ती ठळकपणे दिसू लागली.

छोट्या कामासाठी अशी खिडकी उघडण्याचे एक सोपे साधन म्हणजे 'झेनिटी'. लिनक्सवरील 'ग्नोम' या प्रणालीसाठी ते तयार झाले. ते मुक्त असल्याने त्याला मोल पडत नाही. आज्ञेची एक ओळ लिहिली, की सूचना, प्रश्न, दिनदर्शिका अथवा कामाची प्रगती दाखविणारी पट्टी यांपैकी हवी ती खिडकी उघडते. मजकूर मराठीतही देता येतो आणि आपल्या दृष्टीने हेच अधिक महत्त्वाचे; ज्याला प्रश्नच उमगला नाही, त्याच्या होकाराला अर्थ तो किती?

उत्तर मूळ प्रोग्रॅमला आकड्याच्या रूपाने मिळते. होकार असल्यास ०, नकार दिल्यास किंवा खिडकी नुसती मिटल्यास १, आणि ठरवून दिलेली मुदत उत्तराविना टळल्यास ५. दक्षता हवी ती येथेच. '१ आला नाही तर पुढे जावे' असे कोणी लिहून ठेवले, तर ५ हा आकडाही होकार समजला जाईल आणि लिपिक चहाला गेला असता नोंद पुसली जाईल! तपासावयाचे ते ० आला की नाही, एवढेच.

बटणांवरील शब्दही बदलता येतात. 'होय' व 'नाही' यांऐवजी 'नोंद पुसा' व 'नोंद ठेवा' असे लिहिले, तर घाईतला माणूसही क्षणभर थांबतो. शिवाय निवड आरंभीच नकाराच्या बटणावर ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे सवयीने एन्टर दाबला गेला तरी नोंद शाबूत राहते. अर्थात ऊठसूट खिडक्या उघडू लागल्या, की त्या वाचणे कोणीही सोडून देतो. जे पुसले तरी परत आणता येते, त्याविषयी विचारूच नये.

चित्रमय पडदा नसलेल्या संगणकावर झेनिटी चालत नाही. तेथे 'डायलॉग' नावाचे साधन अक्षरे व रेषा यांचीच खिडकी आखून हे काम करते.