फायटिंग गेम खेळायला सुरुवात करताय? आधी पिंग समजून घ्या, मग शेजारच्या स्टेशनवरचा पार्टनर शोधा

यूट्यूबवर टेकन किंवा स्ट्रीट फायटरची एखादी भारी मॅच बघितली, उत्साहात गेम डाउनलोड केला, ऑनलाइन गेलात आणि सलग दहा मॅच हरलात. असं झालंय ना? त्यात कळतही नाही की हरलो कशामुळे. आपण कच्चे, समोरचा तयार, की नेटची गडबड? बहुतेक जण इथेच गेम अनइन्स्टॉल करून मोकळे होतात.

या लेखात आपण ही कारणं वेगळी कशी करायची ते बघू. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्यांना या खेळात एक मोठा फायदा आहे, तोही समजून घेऊ.

फायटिंग गेम वेगळा कसा?

बीजीएमआयमध्ये टीममेट सांभाळून घेतो, कधी चांगली लूट मिळते. इथे तसं काही नाही. एकास एक, दोघांना ठरलेली लाइफ, ठरलेला वेळ. हरलात तर दोष द्यायला दुसरं कोणी नसतं. म्हणूनच सुरुवातीला हरणं जास्त लागतं.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. घरातल्या मोठ्या भावाला किंवा काकाला ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ बद्दल विचारून बघा. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकायचं, हरला तो उठणार, जिंकला तो बसून राहणार आणि मागे उभी असलेली पोरं बघून बघून शिकणार. हे ‘मागे उभं राहून शिकणं’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फ्रेम म्हणजे काय?

हे गेम सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने चालतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक पंच, किक किती फ्रेममध्ये लागते हे ठरलेलं असतं.

स्ट्रीट फायटर ६ मधले सगळ्यात वेगवान साधे पंच ४ फ्रेममध्ये लागतात, म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंद. माणसाला काही दिसल्यावर बटण दाबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे असा पंच बघून अडवणं कोणालाच जमत नाही, चॅम्पियनलाही नाही. तो अंदाजाने अडवायचा असतो.

पण समोरच्याची उडी जवळपास पाऊण सेकंद चालते. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका यायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे ४३० मिलिसेकंदांच्या आसपास. या दोन्ही गोष्टी बघून उत्तर देता येतं. नवख्याने नेमकं हेच आधी शिकायचं. दहा हिट्सचा कॉम्बो नंतर.

नेट फास्ट आहे, तरी गेम अडकतो का?

कारण स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ डब्यांची लोकल १२ डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त माणसं नेते, पण कल्याणहून ठाण्याला लवकर पोचवत नाही. एमबीपीएस म्हणजे डबे. पिंग म्हणजे जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायटिंग गेमला डबे फार लागत नाहीत, वेळ महत्त्वाचा. त्यामुळे केवळ गेमसाठी १०० चा प्लॅन सोडून ३०० चा घेतलात तर पैसे वाया जातील.

पिंग १०० मिलिसेकंद असेल तर तुमचं बटण समोरच्यापर्यंत पोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३ फ्रेम. जुने गेम तेवढा वेळ थांबायचे आणि सगळंच जड वाटायचं. आताचे गेम रोलबॅक वापरतात. म्हणजे गेम थांबत नाही. समोरचा आत्ता जे करतोय तेच पुढेही करेल असं धरून चालतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. पिंग कमी असेल तर ही दुरुस्ती दिसतही नाही. जास्त असेल तर समोरचा माणूस अचानक एका जागेवरून दुसरीकडे उडाल्यासारखा दिसतो. रोलबॅकचा जीजीपीओ हा गाजलेला कोड टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये आणला. ईव्हो ही मोठी स्पर्धा सुरू करणाऱ्यांपैकीच ते एक.

आता मुख्य मुद्दा. स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ मध्ये मॅच सुरू झाली की दोन मशीन थेट एकमेकांशी बोलतात. म्हणजे अंतर मोजायचं ते तुमच्यात आणि समोरच्यात. सिंगापूर मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटर. फायबरमधला प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार टाकली तरी जाऊन यायला किमान ४० मिलिसेकंद. कल्याण ते ठाणे हे अंतर जेमतेम २० किलोमीटर. तुमचा डेटा मुंबईतून फिरून आला तरी फरक थोडाच पडतो.

म्हणून डोंबिवलीतल्या मुलासाठी सगळ्यात चांगला ऑनलाइन प्रतिस्पर्धी ठाण्यात किंवा कल्याणमध्येच असतो. हरलात तर निदान खात्रीने म्हणता येतं की नेटमुळे नाही, चूक माझी होती.

एक अडचण मात्र घरातली आहे: वायफाय. आपल्या इमारतींमध्ये प्रत्येक फ्लॅटचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ओरडत असतो. मग पिंग एकदा २० तर एकदा १२० होतो. शक्य असेल तर राउटरपासून लॅन केबल ओढा. नसेल जमत तर ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि राउटरच्याच खोलीत बसा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॅच स्वीकारण्याआधी समोरचा केबलवर आहे की वायफायवर तेही दिसतं. तेवढं बघूनच हो म्हणा.

लाहोरचा धडा

२०१९ च्या फेब्रुवारीत फुकुओकाला झालेली ईव्हो जपान स्पर्धा अर्सलान अॅश या पाकिस्तानी खेळाडूने टेकन ७ मध्ये जिंकली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतली मुख्य ईव्होसुद्धा. तोवर टेकनच्या जगात लाहोरचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं. जिंकल्यावर त्याने सांगितलं की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. ते खरंच निघालं. पुढे त्याच गटातल्या आतिफ बटने टेकन वर्ल्ड टूर जिंकली.

ही मुलं पार्लरमध्ये एकमेकांच्या शेजारी बसून, एकमेकांना हरवत तयार झाली होती. थोडक्यात, आपल्याच पार्लरची जुनी पद्धत.

आणि वयाची काळजी नको. हांगझोऊ एशियाडमध्ये २०२३ साली स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले.

कशावर सुरू करायचं?

- फक्त मोबाइल आहे: ब्रॉलहल्ला घ्या. फुकट आहे आणि पीसी, कन्सोलवाल्यांशी खेळता येतो. यात लाइफ संपवण्याऐवजी समोरच्याला स्टेजबाहेर फेकायचं असतं, पण अंतर राखणं आणि अंदाज बांधणं तेच. टच स्क्रीनवर बोट कुठे आहे ते कळत नाही, म्हणून साधा कंट्रोलर जोडलात तर फरक लगेच जाणवेल.
- लॅपटॉप किंवा पीसी आहे: आधी ग्राफिक्स कार्ड तपासा. स्ट्रीट फायटर ६ ला किमान जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड आणि ८ जीबी रॅम लागते. विकत घेण्याआधी फुकटचा डेमो चालवून बघा. गेम ६० फ्रेमला टिकत नसेल तर पैसे घालू नका.
- काहीच नाही: तासावर कन्सोल देणाऱ्या गेमिंग पार्लरमध्ये दोघांनी मिळून पैसे भरा.

आर्केड स्टिकची घाई नको. बटणांचा गोंधळ होत असेल तर स्ट्रीट फायटर ६ मधला मॉडर्न कंट्रोल वापरा. एका बटणावर स्पेशल मूव्ह येते. बदल्यात तिचं डॅमेज २० टक्के कमी होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिले १४ दिवस

१. एकच कॅरेक्टर निवडा. हरलात म्हणून बदलू नका.
२. दिवस १ ते ४: ट्रेनिंग मोडमध्ये रोज १५ मिनिटं. समोरच्याला उडी मारायला लावा आणि एकाच ठरलेल्या मूव्हने खाली पाडा.
३. दिवस ५ ते १०: ऑनलाइन रोज पाच मॅच. जिंकणं मोजू नका. किती उड्या अडवल्या ते मोजा.
४. हरलेल्या एका मॅचचा रीप्ले बघा. ज्या एका गोष्टीने सगळ्यात जास्त मार खाल्ला, ती लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त तिचं उत्तर शोधा.
५. दिवस ११ ते १४: ओळखीचा एक पार्टनर धरा आणि सलग दहा मॅच खेळा. अनोळखी माणूस एक मॅच खेळून निघून जातो. पार्टनर तुमची सवय पकडतो आणि ती मोडायला लावतो.

पार्टनर थोडा चांगला असेल तर उत्तम. रविवारी फास्ट लोकलने ठाणे, डोंबिवली, कल्याण यापैकी कुठेही भेटता येतं. चार जण जमले तर पार्लरचाच नियम लावा: हरला तो उठणार, पण घरी जाणार नाही, मागे उभा राहून बघणार.

पैसे लावू नका

‘शंभर-शंभर लावू’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली. स्पर्धेची प्रवेश फी आणि बक्षीस वेगळं, पैज वेगळी. फी भरण्याआधी आयोजक कोण, नियम काय, बक्षीस कधी मिळणार हे लेखी विचारा. उत्तर टाळलं तर फी भरू नका.

पहिल्या महिन्यात तुम्ही हरणारच आहात. फक्त ते हरणं चांगल्या पिंगवर, ओळखीच्या माणसासमोर आणि कारण समजून झालं पाहिजे. आज एकच काम करा: तुमच्या ग्रुपवर विचारा, ‘फायटिंग गेम कोण खेळतं?’ एक जरी हो आला तरी तुमची सुरुवात झाली.