वनाची हद्द आणि चित्रबिंदू

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात वनजमिनीला मालमत्ता-करात सवलत असते. मग एखाद्याच्या जमिनीत झाडी किती आणि कुरण किती, हे उपग्रहचित्रावरून ठरवायचे कसे? हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पण मित्रहो, गवतही हिरवेच की! म्हणून ऑगस्टमधील चित्र निवडावे. राज्याच्या पश्चिम भागात कोरड्या उन्हाळ्याने गवत तोवर वाळलेले असते. डग्लस फर मात्र हिरवाच.

लँडसॅट उपग्रहाचा एक चित्रबिंदू ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. वनाच्या कडेला तो अर्धा झाडीवर, अर्धा कुरणावर पडतो आणि त्याची नोंद मधलीच येते. दोन एकरांत असे जेमतेम नऊच बिंदू मावतात! त्यांतला एक चुकला, तर लहान मालकाच्या नवव्या हिश्श्याचा कर बदलतो. तेथे विमानातून घेतलेले छायाचित्र पाहावे, नाहीतर सरळ जागेवर जाऊन झाडे मोजावीत.