‘रिझॉल्व्ह’ दाबण्याआधी थांबा: शेअर केलेल्या डॉक्युमेंटमधल्या कमेंट्सचं काय करायचं?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला एकदम छोटा आहे. गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये फाइल शेअर केली की लोक बाजूला कमेंट्स टाकतात. त्या कमेंट्सचं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचं? वाचायची, बदल करायचा, टिक मारायची, संपलं. बरोबर. पण होतं काय, चार जणांचा प्रोजेक्ट रिपोर्ट असतो, उद्या सबमिशन असतं, रात्री अकरा वाजता फोनवर फाइल उघडली तर चाळीस कमेंट्स. मग अंगठा आपोआप त्या टिकवर जातो. टिक, टिक, टिक. दोन मिनिटांत फाइल चकाचक. बघायला छान वाटतं. फक्त चाळीसपैकी पंचवीस मुद्दे तसेच राहिलेले असतात आणि आता ते कुणाला दिसतही नाहीत.

रिपोर्टमध्ये याने मार्क जातील. पण आपल्या भिवंडीत पोरं बारावी झाली की कुणाच्या तरी गोदामाचं, ट्रान्सपोर्टचं, लूमच्या ऑर्डरचं कागदकाम बघायला लागतात. समजा, गोदामाचा भाडेकरार शेअर्ड फाइलमध्ये बनतोय. मसुद्यात लिहिलंय, ‘जागा रिकामी केल्यावर डिपॉझिट परत मिळेल.’ भाडेकरूने कमेंट टाकली, ‘किती दिवसांत?’ कुणीतरी ‘ओके’ लिहून ती रिझॉल्व्ह केली. वाक्य बदललंच नाही. सह्या झाल्या. दोन वर्षांनी जागा सोडताना मालक म्हणतो, देतो की, बघू. आणि करारात दिवसांचा आकडाच नाही. कमेंट गेली, प्रश्न राहिला. लाखभर रुपये त्या एका टिकमध्ये अडकले.

म्हणून आजच्या एपिसोडचं एकच म्हणणं आहे: रिझॉल्व्ह म्हणजे कमेंट लपवणं नाही, रिझॉल्व्ह म्हणजे निर्णय झाला. निर्णय झाला नसेल तर टिक मारायची नाही.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं रिव्ह्यू

एका डॉक्युमेंटवर हजारो कमेंट्स आल्या तर काय करतात, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. भारताची राज्यघटना.

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २१ फेब्रुवारी १९४८ ला समितीने मसुदा राजेंद्र प्रसादांना सादर केला. ३१५ कलमं, ८ परिशिष्टं. मग तो छापून लोकांसमोर ठेवला. नोव्हेंबरमध्ये घटना समितीत चर्चेला येईपर्यंत जवळपास आठ महिने तो लोकांच्या हातात होता. तोपर्यंत आलेल्या सूचना मसुदा समितीने तपासल्या. पुढे सभागृहात चर्चा सुरू झाल्यावर सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्यांचा आकडा ७,६३५ वर गेला. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. शेवटी २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली तेव्हा कलमं ३९५ झाली होती.

ना गूगल डॉक्स, ना कंट्रोल-एफ. मग जमलं कसं? दुरुस्त्यांना क्रमांक होते. चर्चा एकेका कलमावर होत होती. दुरुस्ती मांडणाऱ्याला बोलायची संधी, मग मसुद्याच्या वतीने उत्तर, मग निर्णय. स्वीकारली किंवा फेटाळली. आणि हे सगळं लिहून ठेवलं गेलं, आज आपण ते वाचू शकतो.

यातल्या दोन दुरुस्त्या आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, फेटाळलेली. १५ नोव्हेंबर १९४८ ला प्राध्यापक के. टी. शाह यांनी पहिल्याच कलमात ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ हे शब्द घालायची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ‘नको’ म्हणून विषय संपवला नाही. दोन कारणं दिली. एक, समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावं, घटनेत आधीच बांधून ठेवू नये. दोन, या दिशेच्या तरतुदी मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आधीच आहेत, त्यामुळे शब्दाची गरज नाही. दुरुस्ती नामंजूर झाली. पुढे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने यातले दोन शब्द उद्देशिकेत आले, आणि त्यावर वाद आजही चालतात. पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू १९४८ ची ती कारणं काढून वाचतात. ‘नाही’सोबत कारण लिहिलेलं असलं की ते पुढच्या माणसाच्या उपयोगाला येतं.

दुसरी, स्वीकारलेली. मसुद्यात ग्रामपंचायतींना जागाच नव्हती. खूप सदस्यांची तक्रार हीच होती. आंबेडकरांचं मत तर उलट होतं. ४ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी खेड्यांवर कडक टीका केली होती. तरी २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी पंचायतींबद्दलची दुरुस्ती मांडली तेव्हा त्यांनी ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. भिवंडी शहर ओलांडून काल्हेर, राहनाळ, पूर्णाकडच्या गोदामांच्या पट्ट्यात गेलात की ग्रामपंचायतींच्या पाट्या लागतात ना? त्यांचा घटनेतला पहिला उल्लेख असा एका ‘रिव्ह्यू कमेंट’मधून आलाय. स्वतःचं मत वेगळं असलं तरी योग्य मुद्दा घेता येतो.

आता आपल्या फाइलकडे येऊ

१. फाइलला एक मालक हवा. मालक म्हणजे सगळं लिहिणारा नाही, शेवटचा निर्णय घेणारा. चार जण एडिट करत असतील तर एकाने कमेंट रिझॉल्व्ह करायची, दुसऱ्याने तीच उघडायची, असा खेळ होतो. ग्रुपवर आधीच नाव ठरवा.

२. परवानगी विचार करून द्या. गूगल डॉक्समध्ये शेअर करताना तीन पर्याय असतात: व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर. तपासणाऱ्याला ‘कमेंटर’ करा. तो कमेंट टाकू शकतो, बदल सुचवू शकतो, पण तुमचं वाक्य थेट बदलू शकत नाही. घाईत सगळ्यांना एडिटर केलं की कुणी काय बदललं हे शोधत बसावं लागतं.

३. काय तपासायचं ते सांगा. ‘जरा बघ ना’ म्हटलं की समोरचा स्पेलिंग बघतो, कारण तेच पटकन दिसतं. ‘तिसऱ्या भागातले आकडे बरोबर आहेत का आणि निष्कर्ष पटतो का, तेवढंच शुक्रवारपर्यंत सांग’ असं लिहा.

४. आधी सगळ्या वाचा, मग हात लावा. पहिल्या कमेंटपासून दुरुस्त करत खाली जायचा मोह होतो. पण बत्तिसाव्या कमेंटमध्ये लिहिलेलं असतं, ‘हा अख्खा भाग काढून टाका.’ मग आधीच्या दहा दुरुस्त्या वाया. मोठे मुद्दे आधी: रचना, आकडे, अटी. शब्द आणि स्वल्पविराम शेवटी.

५. प्रत्येक कमेंटला चारपैकी एक उत्तर. ‘केलं, असं बदललं.’ ‘अर्धं घेतलं, उरलेलं या कारणाने नाही.’ ‘नाही घेतलं, कारण हे.’ ‘कळलं नाही, जरा समजावून सांग.’ नुसता अंगठा किंवा ‘ओके’ हे उत्तर नाही. ‘ओके’ म्हणजे वाचलं की बदललं, हे दोन दिवसांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड मुख्य प्रोजेक्टमध्ये जोडण्याआधी दुसरा इंजिनिअर तो तपासतो आणि ओळीओळीवर कमेंट्स टाकतो. बऱ्याच टीममध्ये सेटिंगच अशी असते की कमेंट उघडी असेल तर कोड जोडताच येत नाही. डॉक्युमेंटमध्ये असा अडसर कुणी घालत नाही, तो आपणच घालायचा.

६. दोन जण उलटसुलट सांगत असतील तर? एक सर म्हणतात भाग वाढव, दुसरे म्हणतात कमी कर. तुम्ही गपचूप एकाचं ऐकलंत तर दुसरे पुढच्या वेळी तीच कमेंट परत टाकतील. त्याच कमेंटखाली ॲट चिन्ह टाकून दोघांना बोलवा: ‘सर, इथे दोन सूचना वेगळ्या आहेत, कोणती घेऊ?’ वाद त्यांच्यात मिटू दे, तुमच्या डोक्यात नको. कॉम्प्युटरवर ॲट चिन्हाने नाव टाकलं की ती कमेंट त्या माणसाला नेमून द्यायचा पर्यायही येतो.

७. रिझॉल्व्ह कोण करणार? सोपा नियम: भाषेची छोटी दुरुस्ती मालकाने करून बंद करावी. पण पैसे, तारीख, अट, आकडा यांची कमेंट ज्याने टाकली त्यानेच बदललेलं वाक्य वाचून बंद करावी. वरच्या डिपॉझिटच्या उदाहरणात एवढा एक नियम असता तर भाडेकरू वाचला असता.

फोनवाल्यांसाठी दोन गोष्टी

आपल्यातले बरेच जण लॅपटॉपशिवायच काम करतात, म्हणून हे वेगळं सांगतो.

एक, गूगल डॉक्सच्या ॲपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत ‘सजेस्ट चेंजेस’ असतं. ते चालू केलं की तुम्ही टाइप केलेलं थेट बदलत नाही, सूचना म्हणून दिसतं. दुसऱ्याच्या फाइलमध्ये हात घालताना हेच वापरा.

दोन, कमेंट ज्या वाक्याला चिकटलेली असते ते वाक्यच पुसलं तर कमेंटही बाजूने दिसेनाशी होते. घाबरू नका, रिझॉल्व्ह केलेल्या आणि अशा हरवलेल्या कमेंट्स कॉम्प्युटरवर कमेंट्सच्या यादीत सापडतात. रिझॉल्व्ह केलेली कमेंट परत उघडताही येते. पण ती शोधायला हवी हे कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून उत्तर आधी, पुसणं नंतर.

पाठवण्याआधी

हे वर्डवाल्यांनी नीट ऐका. ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘नो मार्कअप’ निवडलं की लाल खुणा दिसत नाहीत आणि वाटतं फाइल साफ झाली. झालेली नसते. बदल फक्त झाकलेले असतात, समोरच्याने ‘ऑल मार्कअप’ निवडलं की सगळं दिसतं. २००४ मध्ये अमेरिकेत एससीओ ग्रुप या कंपनीच्या दाव्याची वर्ड फाइल अशीच बाहेर आली. दावा होता डेमलर-क्रायस्लरवर, पण फाइलच्या पोटात दिसलं की मसुद्यात आधी नाव बँक ऑफ अमेरिकाचं होतं. तुमच्या कोटेशनमध्ये आधीचा भाव असा राहिला तर घासाघीस करायची गरजच उरणार नाही, गिऱ्हाईक थेट तो आकडा दाखवेल.

म्हणून प्रत्येक बदल ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करा, कमेंट्स डिलीट करा आणि मग पाठवा. त्याआधी कमेंट्ससकट एक प्रत स्वतःकडे ठेवा. गूगल डॉक्समध्ये कॉम्प्युटरवरून व्हर्जन हिस्टरीत जाऊन त्या अवस्थेला नाव देता येतं, ‘सरांच्या कमेंट्सनंतर’ वगैरे. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘खरंच फायनल’ अशा पाच फायली व्हॉट्सॲपवर फिरवण्यापेक्षा हे कधीही बरं.

तर आज घरी गेल्यावर एक करा. तुमची एखादी जुनी शेअर्ड फाइल उघडा, रिझॉल्व्ह झालेल्या कमेंट्सची यादी बघा आणि पाच कमेंट्स घेऊन तपासा, वाक्य खरंच बदललं होतं का. पाचपैकी किती निघाल्या ते मला मेसेज करून सांगा. आणि ज्या मित्राने करारावर सही करायच्या आधी फक्त ‘ओके’ लिहिलंय, त्याला हा एपिसोड आत्ताच पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.