कुंडीतला वाफसा



ऊस विकास विभागाला ऑर्किडच्या फुलांशी काय कर्तव्य, असे आपणांस वाटेल. वाटणे साहजिक आहे. पण मुंबईत डिलाईल रोडवरच्या एका गॅलरीत आम्हांला जो धडा मिळाला, तो थेट आपल्या उसाच्या सरीपर्यंत येऊन पोचतो. म्हणून ही हकीकत.

डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव त्याला दिलेले आहे. आपल्या भागातल्या किती घरांतला एक तरी माणूस तिथल्या गिरण्यांत राबला, हे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. काही माणसे गावी परतली, काही तिथेच टिकून राहिली. आमचे एक काका टिकलेल्यांपैकी. साच्यावरचे कामगार, पण नाद झाडांचा. गॅलरीच्या गजाला त्यांनी डेंड्रोबियम जातीचे एक ऑर्किड टांगले होते. जांभळ्या फुलांचा तुरा आला की शेजारीपाजारी बघायला येत.

दोन वर्षांमागे काका वारले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा काकूंनी विचारले, “ह्याला काय घालू रे?” आम्ही कृषी पदविका घेतलेले. रुबाबात सांगून टाकले, “मोठ्या कुंडीत लावा, चांगली माती आणि शेणखत घाला, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या.” काकूंनी अक्षरशः तसेच केले. नवऱ्याची आठवण म्हणून एक दिवस चुकवला नाही.

गेल्या फाल्गुनात पुन्हा जाणे झाले. झाड पिवळे पडलेले, कांड्या सुरकुतलेल्या. काकू म्हणाल्या, “तू शेतीतला माणूस, तू सांगितलंस तसंच केलं. मग का रं असं?” आमच्याकडे उत्तर नव्हते. जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली, तेव्हा आमची चूक आमच्या पदरात पडली.

मुळे कशी असतात?

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्या सह्याद्रीत झाडाच्या फांदीवर वाढणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरीच. काही लोक तिला बांडगूळ समजतात, ते चूक. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी फक्त बसायला फांदी घेते. तिची मुळे हवेत लोंबतात आणि त्यांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी टिपते, मग वारा त्याला सुकवतो. अशा मुळाला ओल्या मातीत पुरले तर हवा मिळत नाही, आणि ते कुजते. मुळे कुजली की वरचे झाड तहानेने सुकते. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो!

कुंडी बदलताना

फुले संपून बुडाशी नवा फुटवा व नवी मुळे दिसू लागली की कुंडी बदलावी. साधारण दोन वर्षांनी, कुंडीतला भरणा कुजायला लागला की हे करावेच. झाड काढून जुना भरणा धुऊन टाकावा. तपकिरी, पोकळ, लिबलिबीत मुळे कापावीत. घट्ट मुळे राखावीत. ब्लेड आधी आचेवर धरून घ्यावे, कारण रोग रसातून एका झाडाचा दुसऱ्याला जातो. (उसात आर.एस.डी. रोग कोयत्यावाटे असाच पसरतो, हे ध्यानी असू द्या.) जुन्या कांड्या हिरव्या असतील तर कापू नयेत. फुलली नाही तरी तीच झाडाची शिदोरी. झाड विभागायचे तर प्रत्येक भागात तीन-चार कांड्या ठेवाव्यात.

कुंडी लहान, मुळे जेमतेम मावतील एवढीच, आणि भरपूर भोकांची घ्यावी. भरण्यासाठी लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घ्यावेत. सोडण रात्रभर भिजवून दोन-तीनदा पाणी बदलावे. माती आणि शेणखत अजिबात नको. झाड हलू नये म्हणून काठीला बांधावे. नंतर चार दिवस मुळांना पाणी देऊ नये, जखमा सुकू द्याव्यात. पानांवर हलका फवारा पुरे.

पाणी किती?

याला वेळापत्रक नाही, मुळाकडे पाहावे. मूळ रुपेरी दिसले की तहान आहे, हिरवे दिसले की पोट भरलेले आहे. कुंडी उचलून पाहिली तरी वजनावरून कळते. पाणी सकाळी, खालून निथळेपर्यंत द्यावे; ताटलीत साचू देऊ नये. मुंबईच्या उन्हाळ्यात डेंड्रोबियमला रोज लागेल, थंडीत दोन-तीन दिवसांआड, आणि पावसाळ्यात भरणा सुकल्यावरच. रुंद पानांच्या फॅलेनॉप्सिसला कांड्यांची शिदोरी नसते, म्हणून ते फार सुकू देऊ नये. पण त्याच्या पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचले तर गाभाच कुजतो. वाढीच्या काळात लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ आठवड्यातून एकदा पुरते. मध्ये एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, म्हणजे क्षार साचत नाहीत.

आता आपल्या शेताकडे

क्षार हा शब्द आला की आपल्याला वेगळे सांगायला नको. कृष्णाकाठची किती काळी, सोन्यासारखी जमीन जादा पाण्याने क्षारपड झाली! तिथेही प्रेमच नडले. पाळी आली म्हणून पाणी, शेजाऱ्याने दिले म्हणून पाणी, वीज आहे म्हणून पाणी. ऊस पिवळा पडला की पुन्हा पाणी. उसाची मुळे मातीतली खरी, पण श्वास त्यांनाही लागतोच. त्यालाच आपले वाडवडील वाफसा म्हणत.

तेव्हा पुढच्या पाळीआधी एवढे करा. सरीतली वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन तो टाकताच फुटला तर वाफसा आहे, घाई नको. चिकटून राहिला तर पाणी बंदच ठेवा. जिथे पाणी तुंबते तिथे चर काढा. जमेल त्यांनी ठिबक बसवावे, आणि बसवले त्यांनी ते रात्रभर सोडून ठेवू नये.

काकूंच्या झाडाची चारच मुळे शाबूत निघाली होती. ती कोळशात बसवली आणि कुंडी काकांच्याच गजाला पुन्हा टांगली. ज्येष्ठात काकूंचा फोन आला, “बुडाशी हिरवं टोक आलंय. पाणी घालू का?” आम्ही म्हणालो, “आधी मुळाकडे बघा.”

एवढेच आमचे आपणांसही सांगणे आहे.

— ऊस विकास अधिकारी