चाकामागचं गणित : लेखांक ७
रिम वाढली की रबर घटतं

मागच्या लेखांकात आपण टायरच्या बाजूवर उठावात छापलेले आकडे वाचायला शिकलो. आज ते आकडे कामाला लावू. जरा वेगवान गाडी हातात आली की मालकाचं लक्ष आधी चाकांकडे जातं. पंधरा इंची रिम काढून सोळा घालावी की थेट सतरा? या प्रश्नाचं उत्तर कॅटलॉगमध्ये सापडत नाही, कारण ते गाडीइतकंच रस्त्यावरही अवलंबून असतं. म्हणून आज गाव ठरवून घेऊ : शिरढोण.

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या वाटेला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथल्या गाडीवाल्याच्या वाट्याला दोन अगदी वेगळे रस्ते येतात. कळंबोलीला गेलं की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सरळ आणि रुंद. आणि दारातून जातो तो मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला आणि ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. पावसाळ्यात या वाटेवर खड्डा कुठे असेल याचा नेम नसतो, आणि त्यात पाणी भरलं की त्याची खोलीही कळत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : चाकं निवडताना आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वात वाईट किलोमीटर डोळ्यांपुढे ठेवावा.

उदाहरणाला गाडी घेऊ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण वेगाची आवड असलेल्यांनी ती आजही जपून ठेवली आहे. सुरुवातीच्या जीटीला टायर होता १८५/६० आर १५. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एक बाजू आणि खाली एक बाजू धरली की चाकाचा पूर्ण व्यास येतो ६०३ मिलिमीटर.

हा ६०३ चा आकडा सांभाळायचा असतो. वेगाचा काटा, अंतराची नोंद, गिअरची ओढ आणि एबीएसचा हिशेब, सगळं याच व्यासावर बेतलेलं असतं. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. व्यास तोच ठेवून रिम वाढवायची तर ती जागा रबरातूनच काढावी लागते.

आता तीन पर्याय मांडू. १९५/५० आर १६ घेतला तर व्यास येतो ६०१.४, मूळच्या जवळजवळ बरोबर, पण बाजूची उंची ९७.५ मिलिमीटरवर उतरते. १९५/५५ आर १६ ला बाजू १०७ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा फक्त चारने कमी. व्यास मात्र ६२०.९ होतो, वाढ तीन टक्के. काटा १०० दाखवत असेल तेव्हा गाडी मूळच्या चाकांपेक्षा तीन किलोमीटर जास्त वेगाने पळत असते. तिसरा पर्याय २१५/४० आर १७. व्यास ६०३.८, कागदावर अगदी चोख. पण बाजूला उरतात ८६ मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटर रबर गेलं, आणि खड्ड्याचा मार झेलणारं रबर हेच होतं.

बाजू बुटकी करण्यामागे कारण आहेच. वळणावर उंच बाजू आडवी दबते, मग स्टिअरिंग फिरवणं आणि गाडी वळणं यांत किंचित वेळ जातो. बुटकी, ताठ बाजू तो वेळ कमी करते. शिवाय मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क मावते. स्पोर्ट्स कारची चाकं वाढत गेली ती बऱ्याच अंशी या डिस्कमुळे. पोलोवर ब्रेक मूळचेच ठेवून सतरा इंची रिम घातली, तर हा दुसरा फायदा मिळतच नाही.

इथे एका गाडीचे आकडे पाहण्यासारखे आहेत. भिंतीवरच्या पोस्टरवर अनेकांनी पाहिलेली लॅम्बोर्गिनी काउंटाश. १९७८ च्या एलपी ४०० एस या आवृत्तीला मागे पिरेलीचे पी-७ टायर होते, माप ३४५/३५ आर १५. रिम पंधरा इंची! ३४५ चे ३५ टक्के काढा : बाजू जवळजवळ १२१ मिलिमीटर, आपल्या पोलोपेक्षा जास्त. पूर्ण व्यास ६२२.५, म्हणजे सोळा इंची पोलोच्या चाकाएवढाच. त्या काळातल्या सर्वात आक्रमक गाडीने पकड मिळवली ती रुंदीतून आणि रबराच्या गुणवत्तेतून. रिमचा इंच हे वेगाचं माप नव्हे, हे यावरून पटावं.

आता खड्ड्यात नेमकं काय होतं ते जवळून पाहू. डांबराची कड तीक्ष्ण असते. चाक आत उतरतं आणि पुढच्या कडेवर आदळतं. त्या क्षणी टायर दबून रिमच्या ओठाला भिडतो. वर धातू, खाली डांबर, मध्ये रबर. बाजूच्या आत उभे विणलेले दोरे असतात, ते तिथेच तुटतात. हवा लगेच जात नाही. काही वेळाने बाजूवर लिंबाएवढा फुगा दिसू लागतो. टायरवाला बोट लावून म्हणतो, ‘फुगा आलाय, बदला.’ त्याचं ऐकावं. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो वेगात फुटू शकतो. रबर कमी पडलं तर मार रिमवर जातो. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की ओठ लहरताना स्पष्ट दिसतो. ठोकून सरळ केलेल्या अलॉयमध्ये केसाएवढी चीर राहिलेली असू शकते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत अलॉयच्या वळणाच्या, भाराच्या आणि आघाताच्या चाचण्या होतात. ज्या रिमवर प्रमाणनाची खूण नाही ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

माप ठरलं तरी काम संपत नाही. टायरवर मापापुढे लोड इंडेक्स असतो. मूळ टायरचा ८४, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. सतरा इंची २१५/४० मध्ये साधा टायर ८३ चा मिळतो, ४८७ किलोचा. चार चाकांवर ५२ किलोंची क्षमता घटली. घ्यायचाच तर ८७ चा एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा टायर घ्यावा, आणि त्यात हवाही जास्त ठेवावी लागते.

रिमच्या बाजूनेही चार गोष्टी जुळाव्या लागतात. पोलोचा पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. मधलं भोक ५७.१ मिलिमीटर, बाजारातल्या पुष्कळ अलॉयचं ७३.१ असतं. मधली फट भरणारी हब रिंग बसवली नाही, तर चाक नेमकं केंद्रात येत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टची बैठकही पाहावी : फोक्सवॅगनच्या बोल्टची गोल, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. चुकीचा बोल्ट घट्ट वाटतो, पण टेकतो अगदी थोड्या जागेवर. चौथी गोष्ट ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. रिम एक इंच रुंद केली आणि ऑफसेट तोच ठेवला, तरी चाक आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिलिमीटर सरकतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, मागे माणसं बसवून पाहावं. कुठे घासत असेल तर ते माप त्या गाडीचं नव्हे.

कोकणातला पाऊस हा वेगळा मुद्दा. टायर जितका रुंद तितकं त्याला पुढचं पाणी जास्त बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. नक्षीतली झिजेची खूण खोली १.६ मिलिमीटर उरली की उघडी पडते. आपल्याकडच्या पावसात तीन मिलिमीटर उरले की टायर बदललेले बरे.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीने दिलेलं माप निवडणं सर्वात सुरक्षित. बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

तर शिरढोणच्या पोलोला काय घालावं? माझं उत्तर १९५/५५ आर १६. नंतरच्या पोलोंना कंपनीनेच हे माप दिलं. बाजूचं रबर जवळजवळ तेवढंच राहतं, गाडी नऊ मिलिमीटर उचलते, ८७ चा लोड इंडेक्स मिळतो. बदल्यात पिकअप किंचित मंदावतो आणि काट्यातला तीन टक्क्यांचा फरक लक्षात ठेवावा लागतो. सतरा इंची रिमसाठी बाजूला काढलेले पैसे उत्तम प्रतीच्या सोळा इंची टायरवर घालावेत. पकड तिथे मिळते, आणि पळस्प्याच्या पुढेही ती टिकते.

पुढच्या आठवड्यात : हवेचा दाब. माप बदललं की दाराच्या चौकटीवरचा आकडा तसाच चालतो का, ते पाहू. तोवर आपल्या गाडीच्या टायरवरचं माप आणि लोड इंडेक्स वहीत उतरवून ठेवा. हिशेब त्यावरच करायचा आहे.