हॉप्सचा वास, ब्रुअरीची ओळख

हॉप्सचं वाळलेलं बोंड चुरडलं की बोटांना पिवळी, चिकट भुकटी लागते: ल्युप्युलिन. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध, दोन्ही त्यातलेच. तासभर उकळल्यावर कडवटपणा बिअरमध्ये उतरतो, पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासाचे हॉप्स अगदी शेवटी पडतात, चहात वेलची घालावी तसे.

कॅलिफोर्नियातल्या चिकोच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने १९८० च्या सुमारास आपल्या पेल एलसाठी कॅस्केड निवडलं. ओरेगॉनमध्ये पैदास झालेलं हे वाण १९७२ मध्ये लागवडीसाठी खुलं झालं होतं. त्याचा ग्रेपफ्रूटसारखा वास युरोपीय हॉप्सच्या सौम्य, मसालेदार वासापुढे चक्क आगाऊच! माझ्या मते ब्रुअरीची ओळख घडवायला तो आगाऊपणाच कामी आला. हॉप्सचं पीक मात्र दर हंगामात थोडं बदलतं. चव तीच राखायची तर प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं.