दुखऱ्या गुडघ्यासाठी सायकल

पायाला भिंगरी असलेल्या माणसाला घरात बसून राहावे लागणे ही शिक्षा किती कठीण, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पहाटे उठून तापीच्या काठाने सायकलवरून फेरी मारायची आणि उन्हे वर येण्याच्या आत घरी परतायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या आषाढात एका निसरड्या वळणावर सायकल घसरली, उजवा गुडघा आपटला आणि गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. शस्त्रक्रिया करून वाटी तारेने जोडण्यात आली. सहा आठवडे पाय पट्ट्यांच्या आधाराने सरळ राहिला; आणि तो मोकळा झाला तेव्हा हा आपलाच पाय, यावर आमचा विश्वास बसेना. मांडी वाळून गेली होती आणि गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नव्हता.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण गच्चीवर जाणारा शेवटचा जिना पायांनीच चढावा लागतो. सुरतेत राहणाऱ्या वाचकांना गच्चीचे माहात्म्य सांगायला नकोच. नातवाने अंथरुणाशेजारी बसून विचारले, "आजोबा, उत्तरायणाला फिरकी धरायला तुम्हीच याल ना?" आम्ही हो म्हणालो खरे, पण मनात शंका होती.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले, "काका, रस्त्यावरची सायकल इतक्यात नाही. घरातल्या घरात चालवा, भार मुळीच नको." यातले पहिले वाक्य आम्हांला खटकले, दुसऱ्याचा पूर्वार्ध आवडला आणि उत्तरार्ध आम्ही ऐकलाच नाही. गणपतीच्या दिवसांत चिरंजीवांना बरोबर घेऊन आम्ही दुकान गाठले. आपली सायकल घरी आहेच, मग तीच जागच्या जागी चालवण्याचा 'ट्रेनर' घेतला म्हणजे पैसाही वाचेल आणि आपली सायकलही सुटणार नाही, असा आमचा हिशेब. दुकानदार सज्जन होता. "काका, आ तो रेसवाळा माटे छे," असे तो दोनदा म्हणाला. आम्ही त्याचेही ऐकले नाही.

घरी आल्यावर आमच्या हिशेबातल्या चुका एकेक करून उघड्या पडल्या. आमच्या जुन्या सायकलच्या आसाचे नट त्या चौकटीच्या खोबणीत बसेनात. ते कसेबसे बसवले, तर मागचे चाक वर उचलले गेल्याने आधीच उंच असलेली सीट आणखी वर गेली. आडव्या दांड्याच्या त्या सायकलवर चढायचे, तर एक पाय पलीकडे टाकायचा आणि तोवर दुसऱ्यावर सारा तोल सांभाळायचा. सौभाग्यवतींनी हँडल धरले, चिरंजीवांनी मागून आधार दिला, तेव्हा आम्ही आरूढ झालो. पॅडल अर्धे वर आले आणि अडले. आम्ही जोर केला. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शांतपणे विचारले, "काका, ही सायकल तुम्ही कोणत्या गुडघ्यासाठी घेतलीत? आजच्या, की आषाढाच्या आधीच्या?"

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. मग आम्ही या विषयाची नीट माहिती करून घेतली. आमच्यासारख्या एखाद्या घरी ती उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

जागच्या जागी चालणारी सायकल ही काही आजची टूम नव्हे. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाच्या व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. पुढच्याच वर्षी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी पायांवरचा भार मोजून ठरवता येईल अशा सायकलचे वर्णन प्रसिद्ध केले. याच क्रोग यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भार हवा तेवढाच ठेवता येणे, हाच अशा यंत्राचा रुग्णाच्या दृष्टीने मोठा गुण होय.

स्वतःची सायकल घरात चालवण्याची साधने मुख्यतः तीन प्रकारची. पहिला प्रकार रोलरचा : तीन लाटांवर सायकल नुसती ठेवायची आणि तोल सावरत चालवायची. जायबंदी माणसाने याच्या वाटेला जाऊच नये. दुसऱ्यात मागचे चाक लोखंडी चौकटीत अडकवतात आणि त्याचा टायर एका लहान लाटेवर टेकतो. भार पंख्याने, चुंबकाने किंवा द्रवाने निर्माण होतो. पंख्याचा आवाज फार. चुंबकाचा भार खटक्याने कमीजास्त करता येतो. द्रवाचा भार वेगाबरोबर आपोआप वाढतो. या प्रकारात टायर झिजतो, आणि खडबडीत टायर असला तर घरभर घरघर होते. तिसऱ्यात मागचे चाक काढून चेन थेट यंत्राच्या दात्यांवर चढवतात. हे यंत्र शांत आणि अचूक, पण वजनाने जड, किमतीने एखाद्या जुन्या स्कूटरच्या तोडीचे, आणि गिअरच्या सायकलसाठीच केलेले.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, सायकलने पार केली. अशा जिद्दीच्या स्वारांच्या तयारीला ही साधने शोभतात. ज्याला साधी मांडी घालता येत नाही, त्याची गरज निराळी.

त्याच्यासाठी व्यायामाची स्वतंत्र सायकल बरी. तिच्यातही उभ्या बैठकीची आणि पाठ टेकून बसायची असे दोन प्रकार आहेत. पाठ टेकून बसायच्या सायकलवर पाय उंच न उचलता, खुर्चीवर बसावे तसे बसता येते; तोल जाण्याची भीती जवळजवळ नाही. वयस्कर मंडळींना आणि पाठीचे दुखणे असणाऱ्यांना ती विशेष सोयीची. खुर्चीपुढे ठेवायची नुसती पॅडल्सही मिळतात. ती स्वस्त असतात, पण फरशीवर सरकतात.

एका प्रकारापासून मात्र सावध राहावे. काही सायकलींचे जड चाक पॅडलला पक्के जोडलेले असते. आपण थांबलो तरी चाक थांबत नाही आणि पॅडल पायाला ओढत फिरत राहते. निरोगी माणसाला त्याचे काही वाटणार नाही, पण कळ येताच पाय थांबवावा लागणाऱ्याला ते घातक आहे. दुकानातच पॅडल फिरवून पाय सोडून पाहावा.

आता गुडघ्याचे गणित. पॅडलची पूर्ण फेरी होण्यासाठी गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल, तर पॅडल पुढेमागे झुलवावे. फेरी पुरी करण्याचा हट्ट धरू नये. सीट किंचित उंच ठेवली की गुडघा कमी वाकतो. ती फार खाली असली तर वाटीवर ताण येतो. नेहमीच्या बैठकीची सोपी खूण अशी : टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. भार सर्वांत कमी ठेवावा आणि वेळ मिनिटामिनिटाने वाढवावा. दुसऱ्या दिवशीही दुखणे किंवा सूज राहिली, तर आदल्या दिवशी अति झाले असे समजावे. पोटरी सुजून गरम लागली, दुखू लागली, तर सायकल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

घरगुती गोष्टीही विसरू नयेत. बंद खोलीत अंगावर वारा येत नाही. सुरतेच्या दमट हवेत पंखा समोर हवाच. घामातल्या मिठाने लोखंड गंजते, म्हणून सायकल रोज पुसावी. खाली रबरी चटई घालावी, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाची झोप मोडणार नाही. आणि घरात लहान मुले असतील, तर फिरते आरे आणि उघडी चेन यांपासून त्यांची बोटे जपावीत.

आम्ही पाठ टेकून बसायची सायकल महिन्याच्या भाड्याने आणली. पहिले कित्येक दिवस पॅडल नुसते झुलवले. चंदी पडव्याच्या संध्याकाळी घरात घारी आली होती. तिच्या आशेने म्हणा वा कशाने, त्या दिवशी पॅडल न अडता वरून पुढे गेले. आम्ही ओरडलो, तेव्हा काही झाले की काय म्हणून स्वयंपाकघरातून सारी मंडळी धावली.

उत्तरायणाला शेवटचा जिना आम्ही कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढलो. फिरकी धरायला एक खुर्ची आधीच वर नेऊन ठेवलेली होती.

तो ट्रेनर वाया गेला नाही. माघात भाड्याची सायकल परत गेली, सायकलवाल्याने आसाला योग्य नट बसवून दिले, आणि आता आमची जुनी सायकल त्यावर उभी आहे. चढताना आम्ही पाट घेतो, आणि हँडल धरायला आजही सौभाग्यवती येतात. पुढचा पावसाळा घरातच चालवण्याचा बेत आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांना आमचे एवढेच सांगणे, की आधी महिनाभर भाड्याने आणा, चढता-उतरता येते का ते पाहा, आणि दुकानात जाताना गुडघा किती अंश वाकतो तो आकडा कागदावर लिहून न्या. आम्ही तो नेला नव्हता.